गुणपत्रकातलं टिंब

पुरस्कार कुणाला द्यायचा हे ठरवायला आमच्या समितीला दरवर्षी तीन बैठका, दोन रुसवे आणि एक राजीनामा लागायचा. राजीनामा नेहमी हणमंत बागल वस्तादांचा असे, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीला तेच सगळ्यांच्या आधी येऊन पंख्याखालची खुर्ची धरत. म्हणून दोन हजार एकेचाळीस साली धाराशिव जिल्ह्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू निवडायला यंत्र येणार असं कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त वाईट वस्तादांनाच वाटलं. मग आता आपण भांडायचं कशावर, असं त्यांनी अध्यक्ष चौरे सरांना अगदी मनापासून विचारलं.

भांडायला कारण मात्र होतं. पुरस्काराबरोबर ट्रॉफी, शाल आणि क्रीडा विभागात थेट नेमणूक मिळते. शालीसाठी कुणी कुणाचं तोंड बघायचं सोडत नाही, नेमणुकीसाठी सोडतात. त्या वर्षी कुस्ती, तिरंदाजी, धावणं अशी नावं गळत गळत यादी दोघींवर आली, आणि दोघी एकाच संघातल्या. खो-खोच्या. प्रणिता माळवदकर आणि अक्षदा डिकले.

प्रणिताला ओळखत नाही असा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. खांबापाशी ती सूर मारते तो फोटो बसस्टँडवर आहे, दुधाच्या पिशवीवर आहे. राष्ट्रीय स्पर्धेत तिनं एकसष्ट गडी बाद केले होते. अक्षदानं चौदा. पण प्रणिताच्या त्या एकसष्टातल्या निम्म्यांना तरी आधी अक्षदानं पळवून पळवून आणलेलं असायचं. पळणारी प्रणिताच्या चौकोनाशी वळली की नेमक्या त्या क्षणी पाठीवर खो. प्रणिता उठायची, हात लावायची, आणि टाळ्या उठलेल्या मुलीला पडायच्या. खो देणारी तोवर रिकाम्या चौकोनात बसलेली असते. बसलेल्या माणसाचा फोटो कोण काढतं?

अक्षदाचं वय पंचविसाला टेकलेलं. पुढच्या वर्षी ती पुरस्काराच्या वयातून बाद. सकाळी सराव आणि दुपारी शीतगृहात द्राक्षांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवायचं काम. घरच्यांनी दोन वर्षं स्थळं थोपवून धरली होती, नेमणुकीच्या आशेवर.

मी कांचन. तीस वर्षं जिल्ह्याची गुणलेखक. शाळा दहावीपर्यंत, बाकी जे काही येतं ते मैदानाच्या कडेला टेबलाशी बसून आलं. समितीत मी, चौरे सर, वस्ताद, एक डॉक्टर आणि उज्ज्वला थोरबोले. उज्ज्वला या दोघी मुलींची प्रशिक्षक. प्रशिक्षकानं समितीत बसू नये असा नियम आहे, पण आमच्याकडं कुणाचंच काही न लागणारा माणूस हवा असेल तर तो सोलापूरहून मागवावा लागेल.

उज्ज्वला माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. आम्ही एका संघात खेळलो. दोन हजार चार साली राज्याच्या अंतिम सामन्यात शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं आणि मी पाठलाग करत होते. पळणारी कुठं वळणार ते मला तिच्या खांद्यावरून कळलं. मी खो दिला, उज्ज्वला उठली, तिनं हात लावला, आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी पेपरात उज्ज्वला. पुरस्कार उज्ज्वलाला, नोकरी उज्ज्वलाला. तिच्या दोन्ही बाळंतपणांत डबे मी नेले, माझ्या नवऱ्याच्या आजारपणात दवाखान्यात ती झोपली. त्या खोबद्दल मात्र आम्ही कधी बोललो नाही. तशी गरज पडली नाही, असं दोघी म्हणायचो.

गुणलेखक झाल्यावर मी एक गोष्ट सुरू केली. पत्रकात कोण बाद झालं, कुणी केलं, किती मिनिटांनी, एवढंच लिहायचं असतं. मी त्यात निळ्या पेनानं आणखी एक टिंब द्यायला लागले, ज्या मुलीच्या खोमुळं गडी पडला असं मला वाटे तिच्या क्रमांकाखाली. त्याला नियमात जागा नव्हती. कुणी विचारलं तर पेन टेकवायची सवय आहे म्हणायचे. तीस वर्षांत कुणी विचारलं नाही.

यंत्र घेऊन आली ती रुबिना शेख, लातूरची इंजिनिअर, तिशीतली, बोलताना समोरच्याला आधी पाणी विचारणारी. तिनं आम्हाला जे समजावलं ते मी मला कळलं तसं सांगते.

पाच वर्षांपासून आमच्या मुलींच्या जर्सीत बारीक धागे असतात. ते मुलगी कुठं आहे, कुठं झुकली, छाती किती धडधडली हे क्षणाक्षणाला टिपतात. त्यावरून यंत्र आपल्या पोटात तोच सामना पुन्हा मांडतं, प्रत्येक मुलीची एक पडछाया पळवून. एकदा नाही, दहा हजार वेळा. मग एका मुलीला बाहेर काढतं, तिच्या जागी एक साधारण मुलगी बसवतं आणि आणखी दहा हजार वेळा खेळतं. ती नसताना संघ जेवढा कमी जिंकतो, तेवढा त्या जिंकण्यात तिचा वाटा. वस्तादांनी याला लगेच वजाबाकी असं नाव दिलं आणि सगळीकडं तेच रूढ झालं.

पण मुलगी वजा करायची म्हणजे नेमकं काय वजा करायचं? हात लावला तो कुणाचा हे धाग्यांना कळतं. त्या बाद होण्यात आणखी कुणाचा हात होता, हे यंत्राला कुणीतरी शिकवावं लागतं. त्यासाठी जुनी पत्रकं लागतात, हजारो. राज्यात मुलींच्या सामन्यांची सलग तीस वर्षांची पत्रकं एकाच घरात निघाली, माझ्या. दोन पत्र्याच्या ट्रंका. रुबिनाची माणसं त्या घेऊन गेली तेव्हा मी ट्रंकांना हळदकुंकू लावायचं तेवढं ठेवलं होतं. पत्रकावर मी पेन्सिलीनं केलेली कच्ची बेरीज चालेल का विचारलं तर रुबिना म्हणाली, काळजी नको, त्याला फक्त शाई दिसते, पेन्सिल ते सोडून देतं.

निकाल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. संघाच्या जिंकण्यात अक्षदाचा वाटा शंभरात एकतीस, प्रणिताचा चोवीस.

आधी उज्ज्वला बोलली, आणि बराच वेळ बोलली. अक्षदा गुणी आहे, तिलाच ठाऊक नसेल एवढं मला ठाऊक आहे, पण हात लावावा लागतो. शंभर खो दिले आणि एकही हात पोचला नाही तर पाटीवर शून्यच लागतो. प्रणिता पहाटे चारला उठून एकटी खांबावर सूर मारत बसते, कोपराची कातडी राहिलेली नाही पोरीच्या. ते कुठं मोजलं यानं?

वस्ताद म्हणाले, कुस्तीत हे झंझट नाही, चित कुणी केलं ते मातीच सांगते.

मी यंत्राची बाजू घेतली. मला ते फार सोपं गेलं. मी म्हणाले, आपण पाचही जण कुणाचे ना कुणाचे कुणीतरी आहोत. यंत्राला मावशी नाही, काका नाही, तालुका नाही. पहिल्यांदाच बसलेल्या पोरीला कुणी बघितलंय, आणि आपण त्याच्यावरच डोळे वटारतोय.

उज्ज्वलानं चष्मा काढला. "हे अक्षदासाठी बोलायलीस का दोन हजार चारसाठी?"

सगळ्यांसमोर. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणाले, आकडा तुझ्यासमोर आहे, मी काही त्यात बसलेली नाही.

हे वाक्य नंतर मला बरेच दिवस पुरलं.

मतं पडली तीन विरुद्ध दोन, अक्षदा. सह्या पुढच्या शुक्रवारी करायच्या आणि तोवर बाहेर बोलायचं नाही असं ठरलं. बातमी चहा घेऊन आलेल्या बाईलाच आधी कळली असावी, कारण संध्याकाळी अक्षदा माझ्या दारात होती. वाकून पाया पडली आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा टाकला. दुसऱ्या दिवशी तिनं शीतगृहातलं काम सोडलं. सह्या व्हायच्यात गं, असं मी म्हणाले होते. पण ते मी ज्या हसऱ्या तोंडानं म्हणाले, त्यावरून कुणीही काम सोडलं असतं.

मंगळवारी रुबिना ट्रंका परत द्यायला आली. जाता जाता, मावशी तुम्हाला एक गंमत दाखवते, म्हणून तिनं पडदा उघडला. शिकताना यंत्र पत्रकाच्या कुठल्या जागेकडं किती बघतं ते रंगात दिसतं. कमी बघतं तिथं फिकं, जास्त तिथं लाल. माझं दोन हजार एकोणतीसचं एक पत्रक होतं. नावं फिकी, वेळा जरा गुलाबी. आणि ओळीओळीला क्रमांकांखाली लालभडक ठिपके, कपाळावर टिकल्या लावाव्यात तसे.

"ही खूण तुमच्याच पत्रकांवर आहे," रुबिना कौतुकानं म्हणाली. "सगळ्यात जास्त कामाला हीच आली. ही नसती तर खो देणाऱ्याचा वाटा त्याला कळलाच नसता. नियमपुस्तकात शोधली, सापडली नाही. कुठल्या साली आली?"

मी तिला पाणी विचारलं.

ती गेल्यावर मी ट्रंक उघडली. दुपारची उन्हं, पत्रा तापलेला, आणि मी फरशीवर पत्रकं पसरून टिंबं मोजत बसले. गेल्या पाच वर्षांतली अक्षदाची दोनशे बारा. प्रणिताची नऊ.

नऊ! प्रणिता काय फक्त उठते? तीही पाठलाग करते, तीही खो देते, आणि वाईट देत नाही. मी एकेक सामना आठवायला लागले. तुळजापूरचा तो डाव, प्रणितानं हूल देऊन पळणारीला मागं वळवलं आणि बाजूच्या मुलीला खो दिला, ती मुलगी नुसती उभी राहिली तरी गडी पडला असता. टिंब नाही. कारण तेव्हा माझ्या मनात आलं होतं, हिचं नाव तसंही उद्या पेपरात येणारच आहे. आणि अक्षदाची काही टिंबं अशीही सापडली की मला सामनाच आठवला, खो आठवला नाही. आठवला तो तिचा चेहरा. आई आजारी होती त्या आठवड्यातला. एखादी मुलगी मान खाली घालून बसली की माझं पेन आपोआप टेकत असे.

म्हणजे यंत्राला मावशी नव्हती हे खोटं. एक मावशी होती, तीस वर्षांपासूनची, आणि तिनं त्याला कानात सांगून ठेवलं होतं की बसलेल्या पोरींना जास्त दे. ते बिचारं आज्ञाधारकपणे देत होतं.

बुधवार गेला, गुरुवार गेला. कुणाला काही कळणार नव्हतं. रुबिना नियम शोधायची थांबली होती. अक्षदाच्या आईनं निरोप पाठवला की नेमणुकीच्या दिवशी पुरणपोळी, नाही म्हणायचं नाही. आणि मला अजूनही वाटत होतं की पुरस्कार अक्षदाचाच आहे. हीच चिडचिड होती. खोटं बोलून खऱ्याला जागा मिळणार होती, आणि खरं बोललं तर खऱ्याची जागा जाणार होती.

शुक्रवारी चौरे सरांनी कागद पुढं सरकवला आणि मी सही केली नाही. सगळं सांगितलं. पेन टेकवायची सवय, दोनशे बारा, नऊ, तुळजापूर, सगळं. चौरे सरांनी कपाळाला हात लावला, कारण त्यांनी बातमी पेपरला देऊन टाकली होती. वस्ताद म्हणाले, "म्हंजे त्या यंत्रात तुम्हीच बसला व्हता की बाई."

उज्ज्वलानं वही मिटून पिशवीत टाकली. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

रुबिनानं टिंबं पुसून यंत्राला पुन्हा शिकवलं. चार दिवस लागले. नवा निकाल असा: प्रणिता तेहतीस, अक्षदा सोळा. मी तिला विचारलं, आता हा आकडा बरोबर का? ती खरं बोलणारी मुलगी आहे. म्हणाली, आता ते पत्रकात जेवढं लिहिलंय तेवढंच बघतं, म्हणजे हात कुणी लावला ते. खो त्याला आताही दिसतो, पण तो महत्त्वाचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. थोडक्यात, आम्ही यंत्र आणलं होतं पेपरवाल्यांना जे दिसत नाही ते बघायला, आणि टिंबं पुसल्यावर ते पेपरवाल्यांसारखंच बघायला लागलं होतं.

शेवटच्या बैठकीत मी उभी राहिले. मला उभं राहून बोलायची सवय नाही, टेबलाशी बसून आयुष्य गेलं. मी म्हणाले, पहिला आकडा माझ्या मनानं वाकडा झाला होता, दुसरा माझं मन काढल्यामुळं वाकडा झालाय. दोन्ही बाजूला ठेवा. मी आता पेनानं नाही, तोंडानं सांगते. मी या दोघींचा प्रत्येक सामना बघितलाय. अक्षदा नसेल तर प्रणिता चांगली खेळाडू राहील, पण एकसष्ट होणार नाहीत. हे माझं मत आहे, त्यात माझं दोन हजार चार आहे, ते वजा करूनही जेवढं उरेल तेवढं धरा.

चौरे सर म्हणाले, कांचनताई, तुमच्या मताचा आदर आहे, पण आता समितीला आकड्याच्या विरुद्ध जाता येणार नाही. लोक काय म्हणतील, आधी टिंब आणि आता हे.

चार विरुद्ध एक. उज्ज्वलानं हात वर केला तेव्हा ती खिडकीकडं बघत होती.

अक्षदा त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी मीच शीतगृहावर गेले. तिला परत घेतलं होतं, पण सकाळच्या पाळीला, म्हणजे सराव बुडणार. ती स्वेटर घालून पेट्यांना चिठ्ठ्या लावत होती. बाहेर बत्तीस अंश, आत दोन. माझ्याच श्वासानं चष्म्यावर वाफ धरली. तिनं तो काढून ओढणीला पुसून परत दिला.

"सगळे म्हणतात तुम्ही खरं बोललात ते चांगलं केलं," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा मावशी. ती टिंबं खोटी होती का?"

"सगळी नाही गं."

"मग खरी किती?"

दोनशे बारांपैकी दीडशे खरी असतील, एकशे ऐंशी असतील. पण कुठली, ते आता मलासुद्धा कळत नव्हतं. कुणी न मागितलेली माया मी खऱ्या हिशेबात मिसळून टाकली होती, आणि त्यामुळं तिच्या हक्काचं जे होतं त्याच्यावरही कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. तिला पुरस्कार मिळाला नाही याचं वाईट वाटायला अख्खा जिल्हा होता. हे वाईट माझं एकटीचं होतं.

अक्षदानं मान हलवली आणि पुढची पेटी ओढली. मी तिथं उभी राहून काही वेळ चिठ्ठ्या सुट्या करून दिल्या. तिनं नको म्हटलं नाही.

समारंभ झाला. प्रणितानं शाल घेतली, ट्रॉफी घेतली, दोन वाक्यं बोलली आणि स्टेजवरून उतरून थेट मंडपाबाहेर गेली. ती रडत होती असं कुणी सांगितलं, फोनवर होती असं कुणी सांगितलं.

डिसेंबरात नवा हंगाम सुरू झाला. त्याआधी परिपत्रक आलं: गुणलेखकांनी पत्रकावर शाईने कोणतीही अनधिकृत खूण करू नये. माझं नाव त्यात नव्हतं, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत ते वाचून झाल्यावर लोक माझ्याबद्दल बोलले. उज्ज्वला आणि मी भेटत होतो, बोलत होतो, पाऊसपाणी, गुडघे, सुनांची भाषा. बाकी काही नाही.

पहिला सामना लातूरविरुद्ध. अक्षदा आली होती. दुपारची पाळी मिळवायला तिनं कुणाला काय विनवण्या केल्या ते तिलाच माहीत. हा तिचा शेवटचा हंगाम. मी टेबलाशी, कोरं पत्रक, निळं पेन. उज्ज्वला माझ्या खुर्चीमागं उभी होती, प्रशिक्षकानं तिथं उभं राहू नये असाही एक नियम आहे.

पहिल्या डावाच्या सातव्या मिनिटाला अक्षदा पाठलागाला उठली. लातूरची मुलगी चपळ होती, तीन वेळा निसटली. चौथ्या वेळी अक्षदा जरा मागं राहिली. थकली असं वाटलं, लातूरच्या मुलीलाही तसंच वाटलं असणार, कारण ती सैल वळली. तिथंच प्रणिताच्या पाठीवर खो पडला. प्रणिता उठली आणि तिला सूर मारायचीसुद्धा गरज पडली नाही. नुसता हात पुढं केला.

टाळ्या. प्रणिता. अक्षदा चौकोनात बसली, गुडघे जवळ घेतले, आणि बसल्या बसल्या एकदा टेबलाकडं बघितलं.

मी लिहिलं: बाद, लातूर पाच. केलं, धाराशिव नऊ. वेळ, सात मिनिटं चौदा सेकंद. पेन तिथंच अडलं. यात चेहरा नव्हता, आजारी आई नव्हती, दोन हजार चार नव्हतं. हा खो मी डोळ्यांनी बघितला होता.

"दे की," मागून उज्ज्वला म्हणाली.

"बंदी आहे."

ती खाली वाकली. तिच्या हातात सराव लिहायच्या वहीची पेन्सिल होती, टोक दातानं चावलेलं, शाळेत असल्यापासूनची खोड. तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली.

"यानं दे," ती म्हणाली. "यंत्राला दिसायची गरज नाही."